दाताच्या मानेजवळचं फिलिंग कुठून झिरपतं? निळ्या रंगाच्या चाचणीच्या नोंदी

२८ जानेवारी

गड्डा (सिद्धेश्वराची जत्रा) संपला, दवाखान्यातली गर्दी ओसरली, तेव्हा बरेच दिवस डोक्यात असलेलं काम हातात घेतोय.

माझा दातांचा दवाखाना सोलापूरच्या पूर्व भागात. येणाऱ्या बायकांत विडी वळणाऱ्या पुष्कळ आणि त्यांच्यात मिश्री लावणाऱ्याही पुष्कळ. बोटाने घासून घासून सुळ्यांची आणि उपदाढांची मान झिजते, हिरडीलगत खाच पडते, गार पाणी लागलं की कळ डोक्यात जाते. ही खाच भरताना फिलिंगची वरची कड इनॅमलवर, म्हणजे दाताच्या टणक कवचावर बसते आणि खालची मुळाच्या बाजूला, जिथे इनॅमल नसतंच. काहींचं फिलिंग वर्षानुवर्षं टिकतं. काहींचं कडेने काळं पडतं आणि एके दिवशी भाकरीबरोबर निघून येतं.

मला पाहायचंय ते एवढंच : माझ्या दवाखान्यातलं मटेरियल, माझ्या हाताने भरलं तर दाताला किती घट्ट बसतं. कॉलेजात यासाठी थर्मोसायकलिंगचं (दात आलटून पालटून थंड-गरम पाण्यात फिरवायचं) यंत्र, दात कापायची करवत, स्टिरिओ मायक्रोस्कोप असं सगळं असतं. माझ्याकडे यातलं काही नाही. ज्यांच्याकडेही नाही त्यांना या नोंदी उपयोगी पडाव्यात.

पद्धत जुनीच आहे. काढलेल्या दातात खाच करायची, भरायची, थंड-गरम पाण्यात फिरवायची. फिलिंगभोवतीची एक मिलिमीटर पट्टी सोडून बाकी सगळा दात नेलपॉलिशने बंद करायचा. मग मिथिलीन ब्लूमध्ये चोवीस तास बुडवायचा, मधोमध कापायचा आणि कडेने निळा रंग किती आत शिरला ते पाहायचं.

४ फेब्रुवारी

दात गोळा करणं हेच पहिलं मोठं काम निघालं. वेडेवाकडे दात सरळ करण्यासाठी ज्या उपदाढा काढतात त्या सगळ्यात चांगल्या : तरुण माणसाच्या, न किडलेल्या. गावातल्या तीन ऑर्थोवाल्या मित्रांना सांगून ठेवलं होतं. पेशंटची लेखी संमती घ्यायची आणि डब्यावर नाव अजिबात लिहायचं नाही, हेही ठरलं होतं.

चाळीसेक दात आले. त्यातले बरेच बाद. एकाने कोरड्या पाकिटात पाठवले. कोरडा पडलेला दात ठिसूळ होतो, त्याला आपोआप चिरा जातात. एकाने काळजीपोटी हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ठेवले. पेरॉक्साइडचा ऑक्सिजन डेंटिनमध्ये (इनॅमलच्या आतल्या थरात) मुरतो आणि बॉन्डिंगचं, म्हणजे फिलिंग दाताला चिकटवायचं रेझिन नीट जमू देत नाही, म्हणून तेही गेले. हायपोक्लोराइटचंही तसंच. स्पिरिट दातातलं पाणी ओढून घेतं. सरळ मार्ग असा : काढल्याबरोबर धुवायचा, स्केलरने साफ करायचा, ०.५ टक्के क्लोरामाइन-टी मध्ये आठवडाभर ठेवायचा आणि नंतर डिस्टिल्ड वॉटरमध्ये, फ्रिजमध्ये. पाणी अधूनमधून बदलायचं. दात सहा महिन्यांच्या आत वापरायचा.

उरलेल्यांची चिरांसाठी तपासणी केली. खोलीत अंधार करून दातामागे लाइट क्युअरचा, म्हणजे फिलिंग पक्कं करायचा दिवा धरायचा. चीर असेल तर उजेड तिथे अडतो आणि एक काळी रेघ दिसते. फोर्सेप्सची (दात काढायच्या चिमट्याची) पकड बरोबर मानेवरच येते, त्यामुळे चिराही तिथेच. नुसत्या डोळ्यांनी ठणठणीत वाटलेले सहा दात या दिव्याखाली बाद झाले.

दवाखान्यातल्या मावशी डबा धुताना म्हणाल्या, "डॉक्टर, लोकं सोनं जमवत्यात, तुमी दात."

११ फेब्रुवारी

सामानाची खरेदी. मिथिलीन ब्लूची पावडर, डायमंड डिस्क, नेलपॉलिशचे चार वेगळे रंग (गट ओळखायला रंगाइतकी सोपी खूण नाही), स्टिकी वॅक्स, लॅबचा काचेचा थर्मामीटर आणि मोबाइलला जोडता येणारा छोटा यूएसबी मायक्रोस्कोप. सगळं मिळून पाच हजारांच्या आत बसलं. त्यात मायक्रोस्कोप आणि डिस्क हेच महाग.

पॅथॉलॉजी लॅबमधून तयार मिथिलीन ब्लू मागून आणायचा मोह झाला होता. पण स्लाइड रंगवायच्या त्या द्रावणात अल्कोहोल असतं आणि ते मला नकोय. पावडर घेऊन २ ग्रॅम शंभर मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवली. हे द्रावण थोडं आम्लधर्मी असतं. तसंच वापरलं तर दाताचं कॅल्शियम खाऊन रंग स्वतःच वाट करून घेईल, म्हणून बफर घालून पीएच ७ ला आणला. पीएचच्या पट्ट्या त्याच निळ्या पाण्यात बुडवून उपयोग नाही, कारण पट्टीच निळी होते. लॅबवाल्या सरांकडचा पीएच मीटर वापरला.

नळाचं पाणी कुठेही वापरायचं नाही, असं ठरवलं. आमच्याकडे नळ रोज येत नाही, साठवलेल्या पाण्याचा पांढरा थर भांड्यावर बसतो. तो फिलिंगच्या कडेवर बसलेला मला नकोय.

१८ फेब्रुवारी

आधी थोड्या दातांवर रंगीत तालीम. तीन गट : साधी जीआयसी (ग्लास आयोनोमर सिमेंट), म्हणजे पावडर आणि लिक्विड कालवून भरायची ती, लाइटने पक्की होणारी रेझिन-मॉडिफाइड जीआयसी, आणि बॉन्डिंग लावून कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं रेझिनचं फिलिंग. त्याशिवाय दोन कंट्रोल. एका दातात फिलिंग करून तो पूर्णपणे नेलपॉलिशखाली बंद करायचा, तिथे निळा रंग मुळीच दिसू नये. दुसऱ्यात खाच करायची पण भरायची नाही, तिथे तो दिसलाच पाहिजे.

खाच सगळीकडे सारखी : ३ मिलिमीटर रुंद, २ उंच, दीड खोल. वरची कड इनॅमलवर, खालची इनॅमलच्या सीमेपासून मिलिमीटरभर खाली मुळावर. माप पेरिओ प्रोबने, म्हणजे मिलिमीटरच्या खुणा असलेल्या बारीक सळईने. पाच खाचांनंतर बर (दात कोरायचं टोक) बदलायचा, कारण बोथट बर कड कापत नाही, फोडतो.

जीआयसीसाठी १० टक्के पॉलिॲक्रिलिक ॲसिड वीस सेकंद, मग धुवायचं. कंपोझिटसाठी ३७ टक्के फॉस्फोरिक ॲसिड, मग दोन टप्प्यांचं बॉन्डिंग. भरून झाल्यावर सगळे दात चोवीस तास ३७ अंशांना डिस्टिल्ड वॉटरमध्ये. इन्क्युबेटर लॅबवाल्या सरांचा. त्यांनी एक कोपरा दिला आणि बीकरवर मोठ्या अक्षरात 'दात, हात लावू नये' असं लिहून ठेवलं.

फिनिशिंग दुसऱ्या दिवशी, पाण्याखाली. कोरडी डिस्क फिरवली की घर्षणाची उष्णता कडेलाच फट पाडते.

२५ फेब्रुवारी

थंड-गरम. आयएसओच्या (आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या) ११४०५ क्रमांकाच्या मार्गदर्शनात ५ आणि ५५ अंशांमध्ये ५०० फेऱ्या सांगितल्यात, प्रत्येक पाण्यात किमान वीस सेकंद. कारण साधं आहे. उकळता चहा, मागोमाग गार पाणी, आणि दोन्ही वेळा दात आणि फिलिंग वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात-आकसतात. इनॅमल, डेंटिन आणि जीआयसी साधारण एकमेकांच्या जवळपास चालतात. कंपोझिट मात्र त्यांच्या दुपटी-तिपटीने हलतं. कडेवर ताण येतो तो तिथे.

मी तीस सेकंद इकडे, दहा सेकंद हलवायला, तीस सेकंद तिकडे, परत दहा, असं धरलं. एक फेरी ऐंशी सेकंदांची, ५०० फेऱ्या म्हणजे अकरा तासांहून थोडं जास्त. हे सगळं हाताने. दात नायलॉनच्या जाळीच्या पुड्यांत बांधले आणि पुड्या चहाच्या गाळणीत. मोबाइलवर टायमर लावला की बाकी काही करता येत नाही. रोज संध्याकाळी दवाखाना बंद केल्यावर थोडं थोडं करायचं ठरलं.

थंड पाणी सोपं निघालं, बर्फ घालून-काढून ५ अंश सांभाळता येतात. गरम पाण्याने रडवलं. पाणी तापवायची रॉड बादलीत टाकली की दोन मिनिटांत ७० च्या पुढे जाते, बंद केली की पुन्हा खाली. एकदा लक्ष फोनकडे गेलं आणि पाणी ७० ला पोचलेलं असताना गाळणी आत. नेलपॉलिश मऊ पडून पापुद्रे निघायला लागले.

अंडी उबवण्याच्या मशीनला लावतात तो तापमानाचा कंट्रोलर शोधून आणला, अडीचशे रुपयांत. रॉड त्याच्यामार्फत जोडली, सेन्सर पाण्यात मधोमध टांगला आणि माशांच्या टाकीतला छोटा पंप पाणी ढवळायला ठेवला. आता ५४ ते ५६ च्या बाहेर जात नाही. ज्याला हे करायचंय त्याने पहिल्याच दिवशी हा कंट्रोलर घ्यावा. आणि रॉड चालू असताना पाण्यात हात घालू नये.

३ मार्च

रंगीत तालमीचे दात कापले. निकाल वाचण्यासारखा नाही, पण शिकण्यासारखा भरपूर.

जो दात संपूर्ण बंद केला होता, जिथे निळा रंग मुळीच दिसायला नको, तो आतून निळाशार. मुळाच्या टोकावर दोन थर नेलपॉलिश होतं, तेवढं पुरलं नाही. रंग टोकाच्या छिद्रातून मज्जेच्या पोकळीत शिरला आणि तिथून डेंटिनच्या नळ्यांतून उलटा फिलिंगकडे आला. बाकीच्या दातांतही तसंच झालं असणार. म्हणजे फिलिंगच्या तळाशी दिसणारा निळा रंग कडेने आत आलाय की मुळातून वर आलाय, हे सांगायची सोय नाही. सगळी तालीम बाद.

हा कंट्रोलचा दात नसता तर मी 'तिन्ही मटेरियल वाईट झिरपतात' असं लिहून मोकळा झालो असतो. दोन दात वाचवण्यासाठी कंट्रोल गाळू नये.

नेलपॉलिश तर थर्मोसायकलिंगच्या आधी लावलंच नाही पाहिजे. पन्नास अंशांच्या पुढे पाण्यात ते टिकत नाही. आधी थंड-गरम, मग पॉलिश, मग रंग, असा क्रम पक्का केला.

आणि कापणी. स्ट्रेट हँडपीसवर डायमंड डिस्क लावून कोरडं कापलं तर दाताचा भुगा निळ्या रेघेत मिसळून सगळीकडे पसरतो. पाणी हवं, पण एअरोटरचा (दात कोरायच्या यंत्राचा) फवारा डिस्कवर नीट पडत नाही. सलाइनची बाटली वर टांगून सेटची नळी डिस्कच्या कडेला टेपने चिकटवली. थेंब थेंब पडतो, तेवढा बास. कापताना दोन फिलिंग खळकन उडून गेली. एक अजून सापडलेलं नाही.

१० मार्च

मुळाचं टोक कसं बंद करायचं त्यावर आठवडा गेला. नुसतं स्टिकी वॅक्स थर्मोसायकलिंगमध्ये मऊ होऊन हलतं. शेवटी जमलं ते असं : टोक दोन मिलिमीटर कापायचं, छिद्र बरने थोडं मोठं करायचं, ॲसिड-बॉन्डिंग लावून फ्लोएबल (पातळ, वाहत्या) कंपोझिटने बुजवायचं. हे थर्मोसायकलिंगच्या आधी. नंतर, रंगात बुडवायच्या वेळी, वरून दोन थर नेलपॉलिश आणि त्यावर स्टिकी वॅक्स. अशा चार दातांत एकही फिलिंग न करता, पूर्ण बंद करून, रंगात ठेवले. कापल्यावर आत पांढरे स्वच्छ निघाले. आता पुढे जायला हरकत नाही.

२४ मार्च

खरी बॅच. प्रत्येक गटात आठ दात, दोन्ही प्रकारचे कंट्रोल दोन-दोन. भरण्याचं काम एका बैठकीत करायचं म्हणून रविवार घेतला.

साध्या जीआयसीबद्दल एक जुनी सवय इथे कटाक्षाने पाळली. भरल्यावर लगेच वरून कोट, म्हणजे लेप लावायचा, कंपनीचं वार्निश असो नाही तर साधं व्हॅसलिन, हे आम्हाला शिकवलेलं असतं. गर्दीच्या दिवशी किती जण लावतात हा वेगळा प्रश्न. या गटात सगळ्यांना कोट लावला.

कंपोझिट दोन थरांत भरलं, पहिला थर खालच्या कडेचा. वरची आणि खालची भिंत एकाच थराने जोडली तर आकसताना ते मटेरियल कमजोर बाजूकडून सुटतं, आणि कमजोर बाजू कायम मुळाकडचीच.

७ एप्रिल

५०० फेऱ्या संपल्या. आठवडाभर घरात 'गाळणीवाला' म्हणून ओळखला गेलो. यावर आणखी काही लिहिण्यासारखं नाही.

१४ एप्रिल

साध्या जीआयसीचा गट गेला. पूर्ण.

नेलपॉलिश बसायला दात कोरडा हवा. दोन थर, मध्ये वाळायला वेळ, म्हणजे तासाभराचं काम. बाहेर उन्हाने कहर केलाय, हवा कोरडीठाक, पंखा चालू. पॉलिश झकास वाळलं. पण तेवढ्या वेळात फिलिंगही वाळलं. मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर जीआयसीच्या पृष्ठभागावर आटलेल्या तलावाच्या तळासारख्या भेगा. कडेलाही बारीक फट.

जीआयसीत पाणी हा मटेरियलचाच भाग आहे. ते निघून गेलं की ती आकसते आणि तडकते. तोंडात फिलिंग तासभर पंख्याखाली कधी नसतं. म्हणजे हा दोष फिलिंगचा नव्हे, चाचणीचा. रंगात टाकले असते तर आठही दात निळे निघाले असते आणि दोष जीआयसीच्या माथी बसला असता.

कॉलेजच्या दिवसांतल्या मित्राला फोटो पाठवले. तो सोलापूरचाच, आता पुण्यात शिकवतो. त्याचं उत्तर : "अबे, फिलिंग नाही गळत, तुझी टेस्ट गळतेय बे." बरोबर बोलला. उपायही त्यानेच सांगितला : पॉलिश वाळत असताना फिलिंगवर ओल्या कापसाचा तुकडा ठेवायचा, फक्त फिलिंगएवढा. मी टिश्यू पेपरचे बारीक चौकोन कापले, डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून चिमट्याने बसवले आणि दर काही मिनिटांनी थेंब सोडत राहिलो. पंखा बंद.

रेझिन-मॉडिफाइडचा गट थोडक्यात वाचला. त्यातही पाणी असतं, पण रेझिनचं जाळं त्याला धरून ठेवतं, त्यामुळे भेगा जवळपास नव्हत्या. तरी त्यांनाही ओला टिश्यू ठेवूनच पुढचं केलं. कंपोझिटला काही फरक पडला नाही.

२१ एप्रिल

जीआयसीचा गट नव्याने. नवे दात मिळायलाच वेळ लागला.

या वेळी दुसरीच गोष्ट समोर आली. मार्चमध्ये कालवलेली जीआयसी आणि आता कालवलेली जीआयसी हातात वेगळी लागते. दुपारी खोलीतलं तापमान ३७. पावडर-लिक्विड कालवून कॅरिअरमध्ये घेईपर्यंत चकाकी गेलेली. चकाकी गेली म्हणजे दाताच्या कॅल्शियमला धरायला मोकळं आम्ल फारसं उरलं नाही. मग ती नुसती खाचेत बसते, चिकटत नाही. पेशंट समोर असताना आपण हे दामटून भरतो, कारण पुन्हा कालवायचा कंटाळा येतो.

स्लॅब, म्हणजे जीआयसी कालवायची काच, फ्रिजमध्ये ठेवून पाहिली. कोरड्या उन्हाळ्यातही फ्रिजमधली काच बाहेर काढली की घाम धरते, आणि ते पाणी मिश्रणात जातं. मग स्लॅब प्लास्टिकच्या पिशवीत घालून माठाला टेकवून ठेवली. गार होते, घाम येत नाही. वापरायच्या आधी एकदा पुसायची. लिक्विडची बाटली मात्र फ्रिजमध्ये ठेवू नये, ते घट्ट होतं.

शेवटी एसी २४ ला लावून, सकाळी लवकर, माठाजवळच्या स्लॅबवर सगळे आठ दात भरले. चकाकी गेलेलं मिश्रण सरळ फेकलं. पावडर वाया गेली ती गेली.

त्यांच्या ५०० फेऱ्याही परत. गाळणी आता मावशींनी वेगळी ठेवली आहे, चहाला वापरू देत नाहीत.

५ मे

कापणी. दात आधी पारदर्शक सेल्फ क्युअर ॲक्रिलिकच्या छोट्या ठोकळ्यात बसवले, म्हणजे फिलिंग उडत नाही. ॲक्रिलिक जमताना तापतं, म्हणून ठोकळे जमेपर्यंत गार पाण्यात ठेवायचे.

प्रत्येक दाताचे दोन काप घेतले. एका कापात फक्त एक रेघ दिसते, रंग शेजारून आत गेला असेल तर ती रेघ स्वच्छ दिसून फसवते. दोन कापांतलं जे वाईट ते धरलं. कापल्यावर पृष्ठभाग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरवर पाण्याखाली हलका घासला, त्याने भुग्याचा निळा धूसरपणा जातो.

गुण असे : रंग आत नाही तर ०, भिंतीच्या अर्ध्यापर्यंत १, अर्ध्याच्या पुढे पण तळाला नाही तर २, तळाला पोचला तर ३. वरच्या आणि खालच्या कडेचे गुण वेगळे. जीआयसी स्वतःच रंग पिते, तिचा अंगाचा निळसरपणा मोजायचा नाही. फक्त दात आणि फिलिंग यांच्यामधली रेघ पाहायची. पहिल्या दोन-तीन दातांत हा गोंधळ होतोच.

कंट्रोल या वेळी शहाण्यासारखे वागले. बंद केलेले पांढरे, उघडे निळे.

१२ मे

फोटो मित्राला पुण्याला पाठवले, गटाचं नाव न देता, फक्त क्रमांक. नेलपॉलिशचा रंग फोटोत दिसला असता, म्हणून फोटो फिलिंगपुरतेच कापले. बहुतेक दातांत आमचे गुण जुळले. जिथे नाही जुळले तिथे वाद १ आणि २ मधला होता. फोनवर बसून पुन्हा पाहिलं. एका दातावर आमचं अजूनही पटलेलं नाही, तिथे जास्त गुण धरलेत.

कंपोझिटची वरची कड, इनॅमलवरची, जवळजवळ सगळीकडे स्वच्छ. ॲसिडने खरबरीत झालेल्या इनॅमलवर रेझिन किती घट्ट बसतं हे अमेरिकी दंतवैद्य बुओनोकोर यांनी १९५५ सालीच दाखवलं होतं, त्यात नवल नाही. त्याच फिलिंगची खालची कड मात्र सगळ्या बॅचमधली सर्वात निळी. २ आणि ३ तिथेच जास्त.

रेझिन-मॉडिफाइड जीआयसी खालच्या कडेला सगळ्यात बरी. वर कंपोझिटपेक्षा किंचित मागे.

साधी जीआयसी, एसीत भरलेली, कोट लावलेली, ओली ठेवलेली : दोन्ही कडांना थोडा थोडा रंग, पण तळापर्यंत गेलेला क्वचितच. एप्रिलमध्ये तडकलेल्या आठ दातांकडे पाहून मी जे लिहिलं असतं त्याच्या बरोबर उलट.

गटांत आठच दात आहेत, त्यामुळे मी यावर गणित करून मोठा दावा करणार नाही. दुसरंही एक भान ठेवायला हवं. मिथिलीन ब्लूचा रेणू नॅनोमीटरच्या घरातला, जिवाणू अर्धा ते एक मायक्रॉनचा, म्हणजे शेकडो पटींनी मोठा. जिथून रंग जातो तिथून कीड जाईलच असं नाही. प्रयोगशाळेत जास्त झिरपलेलं फिलिंग तोंडात लवकर पडतंच, असंही ठामपणे दिसत नाही. या चाचणीचा माझ्यासाठी उपयोग हात तपासायला आहे, कंपनी निवडायला नाही.

१९ मे

कंपोझिटची खालची कड डोक्यातून जात नव्हती, म्हणून उरलेल्या चार दातांवर एकच गोष्ट बदलून पाहिली. ॲसिड धुतल्यावर हवेचा फवारा मारून डेंटिन वाळवायची माझी सवय आहे. ॲसिडने उघडं पडलेलं कोलॅजेनचं जाळं त्याने चपटं होतं आणि बॉन्डिंग आत शिरत नाही. या चार दातांत हवा मारलीच नाही, ओलसर स्पंजच्या गोळीने नुसतं टिपून घेतलं आणि बॉन्डिंगचा दुसरा थर दिला. बाटलीचं झाकणही प्रत्येक वेळी लगेच लावलं, उन्हाळ्यात त्यातला सॉल्व्हंट (पातळ ठेवणारा द्रव) भराभर उडतो आणि बॉन्डिंग दाट होत जातं. तीन दातांत रंग अर्ध्यावर थांबला, एकात तळाला गेला. चार दातांवरून नियम होत नाही. पण हवा मारायची थ्री-वे सिरिंज उचलायला जाणारा हात आता थांबतो.

दवाखान्यात जे बदललंय ते लिहून ठेवतो. मिश्रीच्या खाचेला, जिथे खालची कड मुळावर आहे, तिथे रेझिन-मॉडिफाइड पहिली पसंती. पैशांची अडचण असेल तर साधी जीआयसी, पण कोट लावल्याशिवाय पेशंट खुर्चीवरून उठत नाही. मावशींनी व्हॅसलिनची डबी आणि छोटे ब्रश ट्रेमध्येच ठेवायला सुरुवात केलीय आणि मी विसरलो तर त्या घसा खाकरतात. दुपारी बारा ते चार, एसी बंद असेल तर जीआयसी कालवायची नाही. आमच्या भागात वीज कधीही जाते, त्यामुळे मानेजवळची फिलिंग आता सकाळीच घेतो. दोन पेशंटना दुपारचं परत पाठवलं तर एकीने "एवढ्यासाठी?" असं तोंडावर विचारलं. काम बुडवून आलेल्या बाईचा तो प्रश्न रास्त आहे, पण काय करणार.

खर्चाचा हिशेब : सुरुवातीच्या सामानाव्यतिरिक्त डिस्क पुन्हा घ्याव्या लागल्या, जीआयसीची एक बाटली यातच संपली, बर्फाचे पैसे वेगळे. सगळं धरून नऊ हजारांच्या आसपास. रंगीत तालीम आणि एप्रिलची फुकट गेलेली बॅच नसती तर सहात झालं असतं.

कापलेले दात पिवळ्या पिशवीतून बायोमेडिकल वेस्टवाल्यांकडे दिले. जुनं चांदीचं फिलिंग असलेले दात मी सुरुवातीलाच घेतले नव्हते. कुणी घेतलेच तर ते पिवळ्या पिशवीत जाळायला देऊ नयेत, त्यात पारा असतो. निळं द्रावण घट्ट झाकणाच्या बाटलीत वेगळं ठेवलंय. बेसिनमध्ये ओतलं तर बेसिन निळं होतं, हे मावशींनी एका संध्याकाळी स्वतः करून पाहिलंय.

पुढची बॅच पावसाळ्यानंतर, कोट लावलेली आणि न लावलेली साधी जीआयसी समोरासमोर ठेवून. काप या वेळी तीन.